कोंडाजींचा गिअरबॉक्स

विनिता गुप्ते अलिबागच्या कोर्टात वकिली करायच्या आणि कोर्टाबाहेर त्यांना एकच नाद होता, त्यांची लाल ट्रायम्फ. दोन सीटांची, बिनछपराची, त्यांच्या जन्माच्या आधी विलायतेत बनलेली ही गाडी किहीमच्या एका बंद बंगल्याच्या आवारात सडत पडली होती. बाईंनी ती उचलून आणली, पत्र्याचं काम करून घेतलं, इंजिन चालू करून घेतलं. गिअरबॉक्स मात्र पार संपलेला होता. पहिल्या गिअरचे दात तुटलेले, आणि दुसरा टाकावा तर तो आपोआप बाहेर पडायचा. मुंबईतल्या गॅरेजवाल्यांनी हात वर केले तेव्हा कुणीतरी त्यांना मुरूडच्या रफिकचं नाव सुचवलं.

रफिक बरीच वर्षं कुवेतला काढून आलेला. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. कुवेतमध्ये तो बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता, हे फक्त त्याच्या बायकोला, महेरुन्निसाला ठाऊक होतं. गावात तो सांगायचा ते वेगळंच: शेखांच्या स्पोर्ट्स गाड्या आपण कशा खोलल्या, कशा जोडल्या. हात चांगला होता त्याचा, त्यामुळे कुणाला कधी शंका आली नव्हती.

गाडीखाली डोकं घालून तो बाहेर आला आणि म्हणाला, "वकीलबाई, पूर्वी आपल्याकडे हेराल्ड गाडी मिळायची ना, तिचा गिअरबॉक्स ह्याच जातीचा. तो आणा कुठून तरी. थोडं इकडचं तिकडं करून बसवून देतो."

बाईंनी महिनाभर विचारपूस केली, आणि उरणजवळच्या एका गावात त्यांना कोंडाजी घरत सापडले. कोंडाजी तरुणपणी तिथल्या डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. गाव सोडताना डॉक्टरांनी आपली हेराल्ड त्यांनाच देऊन टाकली होती. खाऱ्या वाऱ्यानं गाडीचा पत्रा खाऊन टाकला, तेव्हा कोंडाजींनी सांगाडा भंगारात दिला, पण गिअरबॉक्स काढून, धुऊन, ग्रीस लावलेल्या गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला. का ठेवला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाईंनी किंमत विचारली तर म्हातारा हसला.

"पैसं नको. गाडी चालू झाली का मना एक चक्कर मारून आना. बास." मग बोट उचलून म्हणाले, "आतला ऑइल मी काढलेला हाय. सगला कोरडा हाय तो. मिस्त्रीला सांगा भरायला."

बाईंनी निरोप जसाच्या तसा रफिकला दिला. "अहो, ते काय सांगायला पाहिजे?" तो म्हणाला.

आणि खरंच, काम त्यानं जीव लावून केलं. त्या गाडीचा गिअरबॉक्स खालून निघत नाही, आतून काढावा लागतो. त्यानं दोन्ही सीटा काढल्या, मधलं कव्हर उचललं, मागचा शाफ्ट सोडवला आणि इंजिनाला खालून जॅकचा आधार देऊन जुना गिअरबॉक्स दोरानं वर ओढून घेतला. कोंडाजींचा गिअरबॉक्स उघडून पाहिला तर दात एकन् एक शाबूत होते. जुन्याचा दांडा आणि वरचं झाकण त्याला जुळवून घेतलं. नवी क्लच प्लेट घातली. अवघड भाग पुढेच होता. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत सरळ रेषेत शिरला पाहिजे, आणि वजन मात्र त्या शाफ्टवर पडता कामा नये. रफिक गाडीच्या दारावर पोट टेकून अर्धा दिवस त्या लोखंडाशी झटत होता. जरा फिरव, जरा उचल, पुन्हा मागे घे. संध्याकाळी एकदाचा तो आत सरकला आणि पूर्ण बसला. रफिक तसाच पडून हसत राहिला.

गिअर ऑइलचे दोन डबे शेल्फवर आणून ठेवलेले होते. चहा घेऊन ऑइल भरायचं आणि मग कव्हर लावायचं, असं त्याच्या मनात होतं. चहा पीत असतानाच मोबाईलवर गावच्या बातम्या चालवणारा एक ओळखीचा माणूस येऊन उभा राहिला. "रफिकभाय, अख्ख्या रायगडात असं काम कुणी केलेलं नसेल. बोला ना दोन शब्द." बघता बघता दाराशी गर्दी झाली. रफिकनं केसांवरून ओला हात फिरवला आणि बोलायला लागला. कुवेत, शेख, त्यांच्या गाड्या. बोलता बोलता त्यानं कव्हर बसवून दाखवलं, सीटा लावल्या, गाडी चालू केली. समुद्रापर्यंत एक फेरी झाली. पोरं मागे धावली. गिअर लोण्यासारखे पडत होते. बारीक घरघर होती, पण जुने गिअर आहेत, तेवढा आवाज यायचाच, असं त्याला वाटलं.

रविवारी सकाळी विनिताबाई गाडी घेऊन निघाल्या. अलिबागला घरी थोडं थांबून दुपारी उरणला जायचं, कोंडाजींना चक्कर मारून आणायची, असा बेत होता.

काशीद ओलांडल्यावर एका उतारावर गाडीतून जळका वास आला, आणि बाईंनी ब्रेकवर पाय ठेवायच्या आतच मागची चाकं जाम झाली. गाडी फरफटत रस्त्याच्या कडेच्या कठड्याला जाऊन थडकली. समोरून त्या वेळी काही येत नव्हतं म्हणून बरं. बाईंचं मनगट मुरगळलं, बोनेटचा कोपरा चेपला.

रफिक टेम्पो घेऊन पोचला तेव्हा बाई झाडाखाली दगडावर बसल्या होत्या. एका पर्यटकानं दिलेली थंड पाण्याची बाटली मनगटाला लावलेली. रफिक गाडीत वाकला. कव्हराला हात लावला तर चटका बसला. तो वास त्याच्या ओळखीचा होता, आणि त्याच क्षणी गॅरेजमधल्या शेल्फवरचे डबे त्याच्या डोळ्यांपुढे आले. दोन्ही डबे. दोन्हींची सीलं तशीच.

"काय झालं असेल हो?" बाईंनी विचारलं.

खरं सांगायला तिथे कुणाची अडचण नव्हती. त्या दोघांशिवाय ऐकायला कुणीही नव्हतं. पण विचार करायच्या आधीच रफिकचं तोंड बोलून गेलं.

"माल जुना होता, बाई. आतून गेला असणार. देणाऱ्यानं नीट बघून द्यायला पाहिजे होता."

"पण ऑइल वगैरे..."

"ऑइल भरलंय की. मी स्वतः भरलंय."

येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मदतीनं रफिकनं गाडी टेम्पोवर चढवली. बाई मनगट धरून टेम्पोत येऊन बसल्या.

गॅरेजमध्ये पोचल्यावर रफिकनं पहिल्यांदा ते डबे शेल्फवरून उतरवून जुन्या टायरांच्या मागे ढकलले. मग गाडीवर ताडपत्री घातली. गिऱ्हाईक येत होतं, त्यांच्याशी तो नेहमीसारखं बोलत होता. त्या दिवशीच्या मुलाखतीचा व्हिडिओ अजून गावात फिरत होता आणि लोक थांबून हात मिळवून जात होते. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, ह्याला कळलंय आणि हा मुद्दाम करतोय. रात्री जेवताना महेरुन्निसानं विचारलं, "वकीलबाईंच्या गाडीचं काय झालं म्हणे?" तर तो तिच्यावरच खेकसला. ती उठून आत गेली. नवऱ्याचा असा आवाज तिनं फार वर्षांत ऐकला नव्हता.

चार-पाच दिवसांनी दुपारी गॅरेजसमोर रिक्षा थांबली. आधी एक मुलगी उतरली, मग तिनं हात धरून एका म्हाताऱ्याला उतरवलं. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात जड पिशवी.

"मिस्त्री तुम्हीच ना?" म्हाताऱ्यानं पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "मी कोंडाजी घरत. ही माजी पोरगी, प्रणाली. करंज्यावरून लाँचनं आलो."

रफिक ग्रीसचे हात तसेच घेऊन उभा राहिला.

"वकीलबाय फोनवर बोलल्या. त्यांचा हात दुखावला, गाडी ठोकली. माज्या गिअरच्या डब्यानं झाला त्या." कोंडाजींची मान वर होत नव्हती. "मना वाटला माल चांगला हाय. डोल्यानं दिसत न्हाय आता पयल्यासारखा. त्याच्यात कायतरी खोट असंल, मना नाय समजली. तुमचं नाव खराब झाला माज्यामुलं. माफी असावी."

"अहो काका, असं नका..." रफिक फडक्याला हात पुसायला लागला.

"बाबा चार दिवस धड जेवलेले नाहीत," प्रणाली म्हणाली. तिचा सूर कोरडा होता. वडिलांना कुणापुढे हात जोडताना बघणं तिला जड जात होतं. "गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, लाल गाडी येणार म्हणून. आता लोक विचारतात. नाक्यावर तर चिडवतात."

कोंडाजींनी पिशवी उघडली. आत हेराल्डचेच काही सुटे भाग होते, बेरिंगं, एक शाफ्ट, कागदात गुंडाळलेले दोन गिअर. "ह्या माज्याकडं शिल्लक होत्या. बघा काय उपयोग व्हतो का. आनि मना जरा तो गिअरचा डबा दाखवा. कुठं खोट होती ती डोल्यानं बघतो. मंग जीव शांत व्हईल."

गिअरबॉक्स त्यांच्यापासून दहा पावलांवर होता. रफिकनं तो आदल्याच दिवशी काढून गॅरेजच्या मागच्या बाजूला गोणपाटाखाली टाकला होता. आतले दात निळे-काळे पडलेले, बेरिंग वितळून चिकटलेलं, आणि कुठेही ऑइलचा थेंब नव्हता. ड्रायव्हर माणसाला ते पाहून कळायला क्षणही लागला नसता.

"तो... भंगारवाला घेऊन गेला, काका. काही राहिलंच नव्हतं त्यात."

कोंडाजींनी मान डोलावली. "बरं," म्हणाले. आणि जरा वेळानं पुन्हा, "बरं."

इतक्यात महेरुन्निसा घरातून आली. पाहुणे लांबून आलेत असं कळल्यावर ती त्यांना जेवल्याशिवाय सोडायला तयार होईना. तिनं भात टाकला, सुरमई तळली. कोंडाजी संकोचत जेवायला बसले. "चार दिवसांनी चव लागतेय तोंडाला," ते म्हणाले. महेरुन्निसानं आणखी एक तुकडी वाढली. "तुमच्या घरच्यांचे उपकार झाले, मिस्त्री. दुसरा कोन असता तर दारात उभा केला नसता मना."

रफिक ताटावरून उठला आणि मागे जाऊन नळाखाली बराच वेळ हात धूत राहिला. ग्रीस केव्हाच निघून गेलं होतं. लाज वाटते म्हणजे चेहरा तापतो, असं त्याला आजवर वाटायचं. त्याला थंडी वाजत होती.

रिक्षा गेल्यावर महेरुन्निसा गॅरेजच्या मागे आली. तिनं गोणपाट उचलून पाहिलं, पुन्हा होतं तसं टाकलं.

"भंगारवाला येऊन गेला म्हणालात ना?"

रफिक जमिनीवरचे नटबोल्ट गोळा करायला लागला.

"मी त्या म्हाताऱ्याला माझ्या हातानं वाढलं," ती म्हणाली. "मला तरी सांगायचं होतंत. मी नसतं वाढलं. तोंड नसतं दाखवलं मी त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकनं गिअरबॉक्स पोत्यात घातला, ते दोन सीलबंद डबे पिशवीत घेतले आणि स्कूटर काढली. आधी अलिबाग. विनिताबाई कोर्टात निघायच्या तयारीत होत्या, मनगटाला पट्टा बांधलेला. त्यानं दारातच सांगून टाकलं. बसा म्हणायच्या आत.

बाईंनी हातातली फाईल खाली ठेवली. तो शिव्यांची वाट बघत होता.

"तुम्ही मला मारलं असतंत, रफिकभाई," त्या म्हणाल्या. "पण ते सोडा. चूक माणसाकडून होते. मी त्या माणसाला फोन करून काय बोलले, माहितीये? 'तुमच्यामुळे माझा जीव जायची वेळ आली होती,' असं म्हणाले मी. चढ्या आवाजात. त्यांनी एक शब्द उलट काढला नाही. माफी मागत राहिले." त्यांनी काळा कोट हातावर घेतला. "आता मी कुठल्या तोंडानं त्यांच्याकडे जाऊ?"

"मी जातोय, बाई. आत्ताच निघालोय."

"जा. आणि गाडी मी तुमच्याकडून हलवणार आहे. आठवड्यात ट्रेलर पाठवते."

"होय," रफिक म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता तो?

रेवसच्या धक्क्यावर स्कूटर लावून तो लाँचमध्ये चढला. पोतं पायाशी होतं. मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "काय हाय रं त्याच्यात?" "गाडीचा भाग," तो म्हणाला. करंज्याला उतरल्यावर रिक्षा केली. रस्ताभर कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक उभे, बाजूला मिठागरं. कोंडाजींचं घर कुणीही सांगितलं असतं, पण ते घरी नव्हतेच. नाक्यावरच्या पारावर बसले होते, जरा कडेला, बाकीच्यांपासून दोन हात दूर.

रफिकनं पोतं त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि त्याची दोरी सोडली. गिअरबॉक्स बाहेर आला. मग त्यानं पिशवीतले डबे शेजारी मांडले.

"काका, ह्यात खोट नव्हती. ऑइल भरायला मी विसरलो. हे बघा, सीलसुद्धा तोडलेलं नाही. गाडी ठोकली त्या दिवसापासून मला माहीत होतं. तुमच्यावर ढकललं मी. काल तुम्ही आलात तेव्हा हा मागेच पडला होता. भंगारवाल्याचंही खोटंच सांगितलं."

पारावरचे सगळे पुढे सरकले. कोंडाजींनी चष्मा लावला. वाकून आत बोट घातलं, दातांवरून फिरवलं, बोटाकडे पाहिलं. कोरडी काळी भुकटी. आता ते शिव्या देतील, थोबाडीत मारतील, असं रफिकला वाटलं. मारलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

"माज्या पोरीच्या देखत हात जोडायला लावलास मना," कोंडाजी हळूच म्हणाले.

"हो, काका."

"आनि जेवू घातलास."



कोंडाजी उठले. "चल."

"कुठे?"

"हितं चौघांनी ऐकला. बाकीच्यांना कोन सांगनार? मी सांगितला तर बोलतील, म्हातारा सोताची झाकतोय. तू सांग."

पोतं तिथेच पारावर ठेवून दोघे निघाले. आधी किराणा दुकान. दुकानदार साखर तोलत होता. कोंडाजी म्हणाले, "ह्याला कायतरी सांगायचा हाय तुला," आणि बाजूला उभे राहिले. रफिकनं सांगितलं. मग सलूनमध्ये, तिथे खुर्चीतल्या माणसाच्या अर्ध्या गालाला फेस होता. मग पतपेढीच्या पायरीवर बसलेली माणसं. पहिल्यांदा रफिक बरंच काही बोलत होता, व्हिडिओ काढणारे आले होते, गर्दी होती, लक्ष नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी ते सगळं आपोआप गळून पडलं. मी ऑइल भरायला विसरलो. काकांचा माल चांगला होता. मी खोटं बोललो. एवढंच राहिलं. लोक कधी त्याच्याकडे बघायचे, कधी कोंडाजींकडे. कुणी हसलं, कुणी म्हणालं, जाऊ द्या हो, होतं असं. कोंडाजी कुणालाही उत्तर देत नव्हते. पुढच्या दाराकडे चालू लागायचे.

सगळ्यात शेवटी ते एका अंगणात गेले. तिथे नलू नावाची म्हातारी चटईवर सुकट निवडत बसली होती. डॉक्टरांच्या दवाखान्यात ती मलमपट्टी करायची. कोंडाजींनी हेराल्ड खोलून धुतलेली तिनं पाहिली होती.

"हिला ऐकू येत न्हाय," कोंडाजी म्हणाले. "जोरात बोल."

रफिकनं सांगितलं.

"क्काय?" नलूनं कानामागे हात धरला.

"मी ऑइल भरायला विसरलो!"

"कोनाला विसरलास?"

"ऑइल! गाडीत! कोंडाजीकाकांची चूक नव्हती! माझी होती! मी खोटं बोललो!"

शेजारच्या घरातून बायका बाहेर आल्या. रफिक भर दुपारी परक्या गावात, परक्या अंगणात उभा राहून ओरडत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नलू त्याच्याकडे बघत राहिली, मग कोंडाजींना म्हणाली, "मंग बरोबर. तुजा हात तसा नव्हताच कधी." आणि पुन्हा सुकट निवडायला लागली.

कोंडाजी अंगणाबाहेर येऊन कुंपणाला धरून उभे राहिले.  रफिक जवळ गेला तर त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"आता जा तू."

"गिअरबॉक्स..."

"तो राहू दे. माजा हाय." जरा थांबून म्हणाले, "आनि वकीलबायला सांग, येऊ दे म्हनावं. बस नाय तर रिक्षा, कशानंबी. मी नाराज न्हाय तिच्यावर."

रफिक आपल्याबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबला. कोंडाजी घराकडे चालायला लागले होते. दारात प्रणाली उभी होती. तिनं वडिलांना आत घेतलं आणि रफिककडे न बघताच दार लोटून घेतलं.

आठवडा संपायच्या आत ट्रेलर मुरूडला आला. लाल गाडी दोरखंडांनी बांधून वर चढवत असताना समोरच्या पानवाल्यानं विचारलं, "काय रफिकभाय, काम अर्धवट सोडून गाडी कुठं चालली?"

गॅरेजमध्ये गिऱ्हाईक होतं. दोघं-तिघं रस्त्यातही थांबले होते. महेरुन्निसा खिडकीत होती.

"मी ऑइल न भरताच गिअरबॉक्स बसवला," रफिक म्हणाला. "जळला. आता दुसरीकडे नेतायत."

पानवाला पुन्हा पानाला चुना लावायला लागला. ट्रेलर वळण घेऊन दिसेनासा झाला. एक सहा सीटर रिक्षा ब्रेकसाठी येऊन उभी होती. रफिक पाना घेऊन तिच्याखाली शिरला.